टाळूची शस्त्रक्रिया झाली, तरी बोलणं नाकातच. आता पुढे काय?

सावलीतली_वेल (धागाकर्ती)

लेक सात वर्षांची आहे. जन्मतः टाळू (तोंडाचं छत) दुभंगलेली होती, ओठ ठीक होता. वर्षाची व्हायच्या सुमारास टाळू शिवली. जखम छान भरली, मध्ये कुठे छिद्र राहिलेलं नाही, पाणी नाकातून येत नाही. बोलणं मात्र अजून गेंगाणंच आहे. घरच्यांना सगळं कळतं, बाहेरच्यांना निम्मं. 'प', 'ब' पोकळ येतात. 'क' आणि 'ग'च्या जागी घशात नुसता एक झटका बसतो, म्हणजे 'काका' म्हणायला गेली की 'आ-आ' ऐकू येतं. 'स' म्हणताना नाकातून फुसफुस.

आजवर मिळालेले सल्ले असे: फुगे फुगवायला लावा, शिट्टी द्या, स्ट्रॉने बुडबुडे काढा, जीभ खाली चिकटली असेल ती कापून घ्या, घरात दोन भाषा बोलता म्हणून गोंधळली असेल, मोठी झाली की सुटेल. फुगा ती आता माझ्यापेक्षा मोठा फुगवते. बोलणं आहे तिथेच. वर्गात मोठ्याने वाचायचं असलं की सकाळी पोट दुखतं. उत्तर येत असतं, हात वर जात नाही.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. पालक, थेरपिस्ट, आणि विशेषतः ज्यांचं स्वतःचं बोलणं असं आहे किंवा होतं ते. 'धीर धरा' सोडून काहीही चालेल.

कट्ट्यावरचा

माझ्या भाच्याला शिट्टीने फरक पडला होता. सोडू नका, चिकाटी ठेवा.

रुंजी

मी स्पीच थेरपिस्ट आहे, टाळू आणि चेहऱ्याच्या जन्मजात वेगळेपणाची मुलं हेच बरंचसं काम. इथे बसून निदान करणार नाही. पण तुमच्या वर्णनात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढचं काही ठरणार नाही.

पहिली गोष्ट रचनेची. तोंडाच्या छताचा मागचा भाग मऊ असतो. बोलताना तो वर उचलला जातो, घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाकडचा रस्ता बंद करतो. ङ, ञ, ण, न, म आणि नाकातले स्वर सोडले तर मराठीतल्या सगळ्या आवाजांना ही झडप बंद लागते. टाळू दुभंगते तेव्हा नुसती फट पडत नाही. टाळू उचलणारे दोन्ही बाजूंचे स्नायू मध्यावर एकमेकांना मिळायचे, ते न मिळता पुढे कडक टाळूच्या मागच्या कडेला जाऊन चिकटलेले असतात. चांगल्या शस्त्रक्रियेत फट मिटवतातच, शिवाय हे स्नायू तिथून सोडवून मागे आडवे जोडतात. इतकं करूनही काही मुलांची टाळू आखूड पडते किंवा पुरेशी हलत नाही. छिद्र नाही, पाणी वर येत नाही, यावरून बोलताना झडप बंद होतेच असं म्हणता येत नाही. गिळताना ती वेगळ्या पद्धतीने बंद होते.

फुंकरीचंही तेच. फुगा फुगवताना टाळू बंद झाली म्हणून 'पाटी' म्हणताना बंद होईल असं नाही. काही मुलं तर जिभेचा मागचा भाग वर दाबून फक्त गालातली हवा ढकलतात आणि फुगा फुगतो, टाळूचा त्यात संबंधच येत नाही. फुगे, शिट्ट्या, बुडबुडे यांनी बोलण्यातली गळती थांबत नाही. मुलांना मजा येत असेल तर खुशाल खेळा, उपचार म्हणून नको.

दुसरी गोष्ट सवयीची. पाइपला मध्येच भोक असेल तर पाणी अडवायला माणूस भोकाच्या अलीकडेच पाइप दाबून धरतो. तुमच्या लेकीने नेमकं तेच केलंय. तोंडात हवा दाबून धरता येत नाही हे तिच्या शरीराला फार लहानपणी कळलं, म्हणून तिने हवा गळतीच्या आधी, थेट स्वरयंत्रात अडवायला सुरुवात केली. तो तुमचा 'आ-आ'मधला झटका. हुशारीच आहे ही. पण एकदा बसलेली ही सवय पुढे गळती दुरुस्त झाली तरी राहते, कारण तिच्या लेखी 'क' म्हणजे हाच आवाज. ती थेरपीनेच जाते. आणि उलट बाजूने, झडप खरोखर अपुरी असेल तर थेरपी कितीही केली तरी नाकातून जाणारी हवा थांबणार नाही. तिथे पोरीला 'नीट बोल, तोंडातून बोल' सांगत राहणं म्हणजे तिच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी रोज तिला बोल लावणं.

जिभेचं म्हणाल तर बांधलेली जीभ आणि गेंगाणा आवाज यांचा संबंध नाही. दोन भाषांचाही नाही. दोन्ही बोला.

रुंजी

मागच्या प्रतिसादात राहिलं. घरी करून बघण्यासारखं: छोटा गार आरसा नाकाखाली आडवा धरा आणि तिला 'पापापा', 'बाबा पाटी पुसा', 'ताई टोपी दे', 'काका कागद दे' म्हणायला सांगा. या वाक्यांत नाकातला एकही वर्ण नाही, त्यामुळे आरसा कोरडा राहायला हवा. मग तीच वाक्यं एकदा नाक मोकळं ठेवून आणि एकदा चिमटीत धरून म्हणायला लावा. आवाजात ठळक फरक पडला तर हवा नाकात जातेय. ('मामी नवी आहे' हे नाक दाबल्यावर सगळ्यांचंच 'बाबी दवी' होतं, त्यावरून काही ठरवू नका.) वाक्य संपल्यावर नाकातून श्वास सोडला तरी आरसा धुरकटतो, तेव्हा वाक्य संपताक्षणी आरसा बाजूला. हे सगळं फक्त पुढच्या तपासणीला जायचं की नाही एवढं ठरवायला.

सावलीतली_वेल

रुंजी, इतकं सुटं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आरसा 'पापापा'ला थोडा आणि 'सासासा'ला चांगलाच धुरकटला. एक विचित्र गोष्ट मात्र दिसली. 'क' तिला येत नाही, पण 'ख' कधीकधी चक्क बरोबर येतो. 'खडू' म्हणाली, स्वच्छ. लगेच 'कडू' म्हणायला सांगितलं तर पुन्हा झटका. असं कसं?

रुंजी

विचित्र नाही, फार चांगली खूण आहे. 'ख'साठी स्वरयंत्र उघडं ठेवून हवा बाहेर सोडावी लागते. झटक्यासाठी ते घट्ट मिटावं लागतं. दोन्ही एकाच क्षणी होऊ शकत नाही. म्हणून आम्ही बऱ्याचदा 'ह'च्या वाटेनेच जातो. आधी नुसता लांब 'ह्ह्ह', मग त्या चालू हवेतच ओठ मिटून उघडायचे, कुजबुजत. जोर लावायचा नाही. आपल्या भाषेत ख, ठ, थ असे हवेचे वर्ण भरपूर आहेत, त्यांचा आयता उपयोग होतो. 'ख' पक्का झाला की हवा हळूहळू कमी करत 'क'कडे. तोंडाच्या मागे जीभ टेकते कुठे हे तिला आधीच माहीत आहे, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

पहिल्यांदा नाक हलकेच चिमटीत धरून म्हणायला लावलं तर तोंडात हवा दाबली जाणं म्हणजे काय हे कळतं. एक पातळ रबरी नळी घेतो, एक टोक नाकपुडीशी, दुसरं मुलाच्या कानाशी. 'पा' म्हणताना नाकातून हवा सुटली की कानात सूं ऐकू येतं. आपण 'चुकलं' म्हणायची गरजच पडत नाही, मूल स्वतःच मान हलवतं आणि पुन्हा करून बघतं.

आता तपासणीबद्दल. नाकातून बारीक लवचीक कॅमेरा घालून, मुलाला बोलायला लावून झडप वरून बघतात. किंवा बोलतानाचा क्ष-किरण व्हिडिओ काढतात. सात वर्षांची मुलं समजावून सांगितलं तर सहसा करू देतात. यात एक मेख आहे. जे मूल सगळेच वर्ण स्वरयंत्रातून काढतं त्याची टाळू त्या वेळी उचलण्याचा प्रयत्नसुद्धा करत नाही, आणि कॅमेऱ्यात झडप आहे त्यापेक्षा वाईट दिसते. म्हणून चार-पाच वर्ण तरी तोंडातून म्हणता यायला लागले की मग तपासणी करणं बरं. तुमच्याकडे 'ख' आहे, 'प' पोकळ का होईना ओठांवर आहे. हे बघणाऱ्याला आवर्जून सांगा.

झडप लहानशीच अपुरी निघाली तर टाळूवरच पुन्हा काम करून ती लांबवतात. मोठी उणीव असेल तर घशाच्या मागच्या भिंतीवरून पट्टी उचलून टाळूला जोडतात किंवा बाजूच्या स्नायूंनी घसा अरुंद करतात. शस्त्रक्रिया करता येत नसेल तर टाळूवर बसवायची कवळीसारखी पट्टीही असते. कुठली योग्य, हे झडप कशी बंद होते ते पाहिल्यावरच.

आणि हो, कान तपासले का शेवटचे कधी?

दगडी_पाटी

कान येईलच, आधी एक सांगतो, कारण हे आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं नाही.

आमच्या मुलाची टाळू वरवर बघता अखंड. बोलायला उशिरा लागला, थोडं नाकात बोलायचा. सर्दी-घोरणं फार म्हणून नाकामागच्या गाठी, ॲडिनॉइड्स, काढल्या. त्यानंतर बोलणं एवढं नाकात गेलं की आजीला फोनवर एक शब्द कळेना. काही आठवड्यांत कमी होईल म्हणाले. झालं नाही. दुसरीकडे दाखवलं तेव्हा त्या डॉक्टरांनी आ करायला सांगितलं आणि टॉर्च मारून आम्हालाच दाखवलं: पडजीभ दोन शेंड्यांची, टाळूच्या मध्यावर निळसर पातळ रेघ, आणि बोट फिरवलं तर कडक टाळूच्या मागच्या कडेला खाच. वरून कातडी अखंड, आत स्नायू दुभंगलेले. इतके दिवस त्या गाठींच्या आधाराने झडप कशीबशी बंद होत होती, तो आधारच काढून घेतला.

गाठी काढण्याआधी पडजीभ बघा, नाकात बोलतो का ते विचारा, एवढंच. दोन मिनिटांचं काम.

पुढे जनुकीय तपासणीत बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गायब निघाला, २२क्यू११.२ डिलीशन म्हणतात. साधारण ४,००० जन्मांमागे एक. हृदय, कॅल्शियम, रोगप्रतिकारशक्ती, शिकण्यातल्या अडचणी असं बरंच त्याच्यासोबत येऊ शकतं. चेहऱ्यात फरक इतका सौम्य की परक्याला जाणवतही नाही. ज्यांचं मूल टाळू फाटलेली नसताना गेंगाणं बोलतं आणि बोलायलाच उशिरा लागलंय, त्यांनी हे नाव डॉक्टरांपुढे काढावं.

रुंजी

दगडी_पाटी यांना अनुमोदन. भर एवढीच की या डिलीशनच्या मुलांमध्ये मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या कधीकधी घशाच्या मध्याकडे सरकलेल्या असतात. घशाच्या भिंतीवर शस्त्रक्रिया करण्याआधी हे बघून घ्यावं लागतं. आणि यांचं उच्चारांबरोबरच भाषेचंही काम करावं लागतं: शब्द, वाक्यरचना, सांगितलेलं समजणं. 'आवाज सुधारला की भाषा आपोआप येईल' हे इथे चालत नाही.

उजवा_कान

कानाचा विषय निघालाच आहे तर. मुलाचा उजवा कान जन्मतः नाही, बारीक कातडीची गुंडाळी आहे, भोक बंद. त्याच बाजूचा जबडा लहान. जन्मल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, 'दुसरा कान उत्तम आहे, बोलणं येईल.' आलं. पण गोंगाटात त्याला काहीच लागत नाही, मागून हाक मारली तर भलतीकडे बघतो, आणि शाळेत गेल्यावर 'लक्ष नसतं' असा शेरा सुरू झाला.

आतला कान सहसा चांगला असतो, आवाज आत जायचा रस्ता तेवढा बंद. त्यामुळे डोक्याला मऊ पट्ट्याने बांधायचं एक यंत्र मिळतं, ते हाडातून आवाज आत पोहोचवतं. त्याला काही कापावं लागत नाही, तान्ह्या बाळालाही बांधता येतं. आम्हाला हे मुलगा शाळेत जायला लागल्यावर कळलं. पट्टा बांधून पहिल्यांदा तो म्हणाला, 'पंखा आवाज करतो?' हसावं की रडावं कळेना. नवा कान बनवायची शस्त्रक्रिया हा वेगळा विषय, ती दिसण्यासाठी. ऐकण्याची वाट तिच्यापायी बघत बसू नका.

सावलीतली_वेल

कान तान्हेपणी तपासले होते, नंतर नाही. ऐकू येत नाही असं कधी वाटलं नाही हो. हळू बोललं तरी ऐकते.

रुंजी

सगळे पालक हेच म्हणतात आणि ते खरंच सांगत असतात. मधल्या कानापासून घशापर्यंत एक बारीक नळी असते, ती उघडणारा स्नायू टाळूतलाच. टाळू दुभंगलेली असली की ती नळी नीट उघडत नाही आणि पडद्यामागे पाणी साठतं. तान्हेपणी हे जवळपास सगळ्याच अशा बाळांना होतं, शिवल्यानंतरही अनेकांना वर्षानुवर्षं. आज कमी, पुढच्या महिन्यात जास्त. घरात, समोरासमोर, ओळखीच्या विषयावर सगळं ऐकू येतं. निसटतात ते स, श, त, फ असे बारीक आवाज, शब्दांची टोकं. मुळात जे अवघड तेच अर्धवट ऐकू येतं. ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं याची तपासणी) आणि पडद्याची तपासणी आधी करून घ्या, कॅमेऱ्याच्या आधी. पाणी निघालं आणि टिकून राहिलं तर ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी) किंवा श्रवणयंत्र, काय ते कानवाले ठरवतील.

झोका

माझ्या मुलाला फक्त 'स' आणि 'श' नाकातून येतात. बाकी सगळं खणखणीत, टाळू जन्मापासून ठीक. हे वाचून घाबरले. ऑपरेशन लागेल का?

रुंजी

बाकीचे वर्ण खणखणीत आहेत याचाच अर्थ झडप बंद होते. हवा 'स'लाच नाकात वळवायची सवय लागलीय. आरशासमोर बसवा, लांब 'त्त्त्त' म्हणायला लावा, दात मिटवून तोच ताणला की 'त्स्स' येतो. मधूनच नाक चिमटीत धरा. आवाज बंद पडला तर नाकातून काढत होता, चालू राहिला तर तोंडातून. चार वर्षांच्या पोरालाही हा खेळ कळतो. एकदा थेरपिस्टला दाखवून खात्री करा, पण शस्त्रक्रिया डोक्यातून काढा.

पाळणाघर

इथे बाळाचं विचारलं तर चालेल का? आमच्या लेकराचा खालचा जबडा खूपच लहान, जीभ मागे पडते, टाळूला उलट्या यूच्या आकाराची फट. पिएर रोबिन म्हणाले. श्वासासाठी पालथं झोपवतो, दूध नळीने. एकजण म्हणतात टाळू सहाव्या महिन्यात शिवा, म्हणजे बोलणं चांगलं येईल. दुसरे म्हणतात थांबा. कोणाचं ऐकू?

रुंजी

सहा महिन्यांचा आग्रह कुठून येतो ते सांगते. २०२३ साली 'टॉप्स' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५८ बाळं होती, फक्त टाळू दुभंगलेली आणि बाकी प्रकृती ठणठणीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काहींची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात, काहींची बाराव्या महिन्यात केली. पाच वर्षांचं झाल्यावर बोलणं तपासलं तेव्हा झडप अपुरी असण्याचं प्रमाण सहा महिनेवाल्यांत ८.९ टक्के, बारा महिनेवाल्यांत १५ टक्के निघालं. फरक खरा आहे. पण 'बाकी प्रकृती ठणठणीत' हे शब्द पुन्हा वाचा. तुमच्या बाळाची श्वासाची वाट अजून अरुंद आहे, आणि टाळू शिवली की ती आणखी अरुंद होते. तुमच्याकडे घाईचा निकष बोलणं नाही, श्वास आहे. 'थांबा' म्हणणाऱ्यांना विचारा, कशासाठी थांबायचं आणि काय दिसलं की करायचं. त्याचं उत्तर त्यांच्याकडे असेल तर थांबा.

तोवर घरी: बाळाशी भरपूर बोला. ते 'म', 'न', 'आ', 'ह' असले आवाज जास्त काढेल, कारण फट असतानाही तेवढेच सहज निघतात. या बाळांच्या पहिल्या शब्दांतही तेच दिसतं. आई, मामा, नाना लवकर येतात आणि 'बाबा' मागे राहतं. (बाबांनी मनाला लावून घेऊ नये.) घशातून गुरगुर, झटके आले तर रागावू नका, पण त्यांची नक्कल करून खेळही करू नका. ओठांवरच्या, जिभेच्या शेंड्यावरच्या आवाजांना मात्र हसून, परत म्हणून दाद द्या. शस्त्रक्रियेनंतर सर्जननी परवानगी दिली की प-ब-त-द कडे वळा.

निर्विकार

माझं सदस्यनाम का ते सांगतो. मला मोबियस सिंड्रोम आहे. डोळे बाजूला वळवणारी आणि चेहरा हलवणारी अशा दोन्ही नसा जन्मापासून काम करत नाहीत. हसू येत नाही, भुवई उडत नाही, ओठ मिटत नाहीत.

ओठ मिटत नाहीत म्हणजे प, फ, ब, भ, म सगळे गेले. मी 'ब' कसा म्हणतो? खालचा ओठ वरच्या दाताखाली सरकवतो. कधी जिभेचा शेंडा वरच्या ओठाला लावतो. आवाज पुष्कळ जवळ येतो, समोरचा बघत असेल तर थोडा चक्रावतो. लहानपणी एका थेरपिस्टबाईंनी मला वर्षभर ओठांचे व्यायाम करायला लावले. जी नस नाही तिला व्यायाम कसला? दुसऱ्या बाई आल्या, त्या म्हणाल्या, 'मला ऐकू बरोबर आलं पाहिजे, तू कुठून काढतोस ते तुझं गुपित.' त्यांच्यामुळे बोलायला लागलो.

पण खरी अडचण उच्चार नाही, चेहरा आहे. मी गमतीने बोललं की लोकांना राग आलाय वाटतं. ऐकत असलो की कंटाळलोय वाटतं. आणि अनेकांना सरळ मतिमंद वाटतो, सोबतच्याला विचारतात, 'यांना काय पाहिजे?' कॅथलीन बोगार्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांना स्वतःला मोबियस आहे. चेहरा हलत नसलेली माणसं आवाजाचे चढउतार, शब्द आणि हातवारे यांतून ती कसर कशी भरून काढतात यावर त्यांचं काम आहे. मला ते वाचून हायसं वाटलं, कारण मी तेच करत आलोय. 'मी आता चेष्टा करतोय बरं का' असं तोंडाने सांगतो. विनोद पडतो, पण गैरसमजापेक्षा परवडतं.

तिरकस

सगळं वाचलं. एक प्रश्न, कुणाला बोचला तर बोचो. प्रत्येक मूल एका साच्यातलं बोललंच पाहिजे हा अट्टहास कशाला? घशाला पट्ट्या, नाकात कॅमेरे. जगाने ऐकायला शिकावं की.

अर्धविराम

तिरकस, मी ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेल्या अवस्थेत जन्मलो, आता चाळिशी उलटलीय. तुमचं अर्धं पटतं. जगाने शिकावं हे सोळा आणे. पण फोनवर मला नाव तीनदा सांगायला लागायचं, चौथ्यांदा समोरचा 'बरं बरं' म्हणून भलतंच लिहायचा. मोबाइलला बोलून सांगावं तर तो मला ओळखतच नाही. जगाची शिकवणी पुरी होईपर्यंत मी काय करायचं होतं?

विशीत असताना घशाची पट्टी करून घेतली. कुणासारखं तरी वाटावं म्हणून नाही, समजावं म्हणून. गळती बरीच थांबली. जुने झटके तसेच होते, ते पुढे थेरपीत गेले, आणि त्या वयात ते वेळखाऊ काम आहे. किंमतही सांगतो: त्यानंतर घोरायला लागलो, नाकाने श्वास कमी येतो. लहान मुलांत झोपेत श्वास अडकतो का हे बघावंच लागतं. आवाजात थोडा नाकीपणा आजही आहे. तो राहू दिला. तो माझा आवाज आहे.

अजून एक, सतराव्या वर्षी वरचा जबडा पुढे आणला तेव्हा बोलणं आधीपेक्षा नाकात गेलं होतं. जबडा पुढे गेला की टाळूही पुढे जाते, मागची फट वाढते. आधी बोलणं तपासून घ्यायला हवं होतं, कुणी सुचवलं नाही. ज्यांची मुलं त्या वयाला येतायत त्यांनी लक्षात ठेवा. तसंच वयात येताना ॲडिनॉइड आपोआप आटतात, तेव्हाही काहींचा आवाज बदलतो.

आणि ऐकणाऱ्यांसाठी: कळलं नाही तर कळल्याचं नाटक करू नका. नुसतं 'काय?' म्हणू नका, तेवढ्याने मी सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणतो आणि पुन्हा तिथेच अडतं. 'उद्या येणार इतकं कळलं, किती वाजता ते नाही कळलं', असं विचारा. मी फक्त तेवढाच शब्द पुन्हा सांगेन, वेगळा करून.

तिरकस

मान्य. 'साच्यातलं' आणि 'समजेल असं' यांत मी गल्लत करत होतो.

खडू_फळा

मी शिक्षिका. अशी एक मुलगी वर्गात आहे. वाचायची पाळी आली की मी तिला वगळते, तिला ओशाळं वाटू नये म्हणून. हे बरोबर की चूक?

अर्धविराम

मला वगळायचे तेव्हा बरंही वाटायचं आणि मेल्याहून मेल्यासारखंही. तिला एकटीला विचारा, वर्गासमोर नाही. जोडीने वाचायचं का, आदल्या दिवशी उतारा घरी न्यायचा का, की सध्या नको. 'सध्या नको' म्हणाली तर तेही चालतं, पण दर महिन्याला पुन्हा विचारा. आणि कुणी नक्कल केली तर तिथल्या तिथे थांबवा. 'लक्ष देऊ नकोस' हे तिला सांगू नका, देणारच ती.

रुंजी

वाचनाबद्दल एक. टाळूच्या काही मुलांना वाचन-लेखनातही अडचण येते. मोठ्याने अडखळते ती लाजेने की अक्षरंच जुळत नाहीत, हे वेगळं करून बघा. मनात वाचायला देऊन प्रश्न विचारा.

सावलीतली_वेल

इतकं मिळेल वाटलं नव्हतं. निर्विकार, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला, 'तुझं गुपित'वर जाम खूश आहे. कानाची वेळ घेतली, त्यानंतर टाळू बघणाऱ्या पथकाची. रुंजी, तिथे जाताना काय घेऊन जाऊ? दवाखान्यात तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.

रुंजी

व्हिडिओ न्या. घरी, टीव्ही बंद करून, फोन जवळ ठेवून. तिच्या आवडीच्या विषयावर मोकळ्या गप्पा, मग एक ते वीस आकडे, मग वरची वाक्यं, 'खडू' आणि 'कडू' दोन्ही. चेहरा आणि गळा दोन्ही दिसू देत, काही मुलं नाकातली हवा अडवायला नाकपुड्या आवळतात, ते बघणाऱ्याला उपयोगी पडतं. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद शोधा, स्नायू मागे जोडले होते का ते त्यात लिहिलेलं असतं. घोरते का, तोंड उघडं टाकून झोपते का, तेही पाहून ठेवा. आणि निघताना त्यांना थेट विचारा: तिच्या बोलण्यातलं काय रचनेमुळे आहे आणि काय सवयीमुळे? नुसतं 'थेरपी चालू ठेवा' असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, कुठल्या वर्णासाठी आणि फरक दिसला नाही तर पुढे काय.

दगडी_पाटी

आणि गाठी काढायचं कुणी सुचवलं तर आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.